वाचकांचे प्रश्न : ऑटोमॅटिक गाडी, हँडब्रेक आणि डावा पाय

ऑटोमॅटिक गाड्या आता यवतमाळ, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांतल्या खेड्यांतही दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलला आहे. क्लच नाही म्हटल्यावर रिकामा झालेला डावा पाय कुठे ठेवायचा, त्याने ब्रेक दाबला तर काय बिघडते, आणि चढावर किंवा फाटकावर गाडी धरून ठेवायची ती पायाने की हँडब्रेकने, असे विचारणारी पत्रे एकत्र करून या अंकाची जागा त्यांनाच दिली आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे वावर गावापासून आत आहे. पांदण रस्ता जिथे डांबरी सडकेला मिळतो तिथे सडक उंच असल्यामुळे चांगलाच चढ आहे, आणि सडकेवरची वाहने पाहण्यासाठी त्या चढावरच थांबावे लागते. यंदा आम्ही एएमटी गिअरची लहान गाडी घेतली. ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे घसरते, आणि मागे बहुधा कोणाची तरी बंडी उभी असते. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा म्हणतो, "बाबा, डाव्या पायाने ब्रेक धरा आणि उजव्याने ॲक्सिलरेटर द्या." गावातला मेकॅनिक म्हणतो, हँडब्रेक लावा. माझी सारी हयात ट्रॅक्टरवर गेली आहे. मी कोणाचे ऐकावे?
— एक शेतकरी, घाटंजी तालुका

उत्तर : मेकॅनिकचे ऐकावे. आपण ट्रॅक्टर चालवता हे लिहिले नसते तरी मी हेच सांगितले असते. ते लिहिल्यामुळे अधिक ठामपणे सांगतो.

आधी गाडी मागे का येते ते पाहू. एएमटी ही मुळात साध्या गिअरचीच गाडी आहे. तिच्यात तोच कोरडा क्लच आणि तोच गिअरबॉक्स असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम मात्र आपल्या हातापायांऐवजी एक यंत्रणा संगणकाच्या हुकमाने करते. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओमध्ये ही रचना आणल्यापासून ती कमी किमतीच्या गाड्यांत पसरली, आणि आपल्या भागात ऑटोमॅटिक म्हणून जी लहान गाडी दिसते ती पुष्कळदा हीच असते. आपण ब्रेक दाबून उभे असता तेव्हा ही यंत्रणा क्लच सोडवून ठेवते, म्हणजे इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटलेला असतो. पाय उचलल्यावर ती क्लच हळूहळू धरू लागते. परंतु त्याला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात चढावरची गाडी स्वतःच्या वजनाने मागे येते. गाडीत दोष नाही, तिची घडणच तशी आहे.

आता आपल्या मुलाने सुचवलेला उपाय. डाव्या पायाने ब्रेक दाबलेला असताना उजव्या पायाने ॲक्सिलरेटर दिला, तर यंत्रणेला एकाच वेळी थांबण्याचा आणि निघण्याचा असे दोन हुकूम मिळतात. ब्रेक दाबलेला आहे तोवर ती क्लच धरत नाही, आणि पुष्कळ गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबले गेल्यास इंजिनाची ताकदच कमी केली जाते. त्यामुळे ज्यासाठी हा खटाटोप करायचा, म्हणजे गाडीने पुढे जोर लावून ब्रेकवर तोलून राहावे, ते घडतच नाही. ब्रेक सुटल्यानंतर क्लच धरू लागतो, तोवर गाडी थोडी मागे आलेली असते, आणि मग ॲक्सिलरेटर आधीच दाबलेला असल्यामुळे ती हिसक्याने पुढे जाते. सडकेच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंनी वाहने येत असताना, असा हिसका मागे घसरण्याइतकाच धोक्याचा आहे.

हँडब्रेकचे काम निराळ्या रीतीने चालते. तो तारेने फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि त्याचा पेडलच्या ब्रेकशी संबंध नसल्यामुळे यंत्रणा आपला ॲक्सिलरेटर निघण्याचाच हुकूम समजते. तेव्हा चढावर थांबल्यावर पाय ब्रेकवरच ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढावा, गिअर डी मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या स्थितीत, असू द्यावा, आणि रस्ता मोकळा झाला की उजवा पाय ॲक्सिलरेटरवर नेऊन हळूहळू दाबत जावा. हँडब्रेक लावलेला असताना काही गाड्या ब्रेक सोडल्यावर आपल्या आपण सरकत नाहीत, तरीही ॲक्सिलरेटर दिल्यावर क्लच धरतोच. तो धरला की इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी जागच्या जागी किंचित दबल्यासारखी वाटते. त्याच क्षणी हँडब्रेकचे बटण दाबून तो सलग खाली सोडावा. गाडी तसूभरही मागे न येता चढू लागते. ही तीच जुनी रीत आहे जी साध्या गिअरच्या गाडीत चढावर उभे राहून शिकवली जाते. क्लचचा पाय तेवढा वजा झाला आहे. बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या मैदानालगतच्या एखाद्या उतारावर, मागे कोणी नसताना, हात बसेपर्यंत ती करून पाहावी.

दोन गोष्टी यात टाळाव्यात. सडकेवर वाहनांची रांग लागली आहे म्हणून ॲक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरणे ही पहिली. तसे करताना क्लचची तबकडी अर्धवट धरून घासत राहते आणि मिनिटाभरात जळका वास येऊ लागतो; आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तो आणखी लवकर येतो. दुसरी गोष्ट, ॲक्सिलरेटर देऊन ठेवल्यावर हँडब्रेक उशिरा सोडणे. त्यातही क्लचच घासतो. आपल्या गाडीत चढावर धरून ठेवणारी सोय, म्हणजे हिल होल्ड, आहे का ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. ती असली तर ब्रेकवरचा पाय उचलल्यानंतरही साधारण दोन सेकंद गाडी धरलेली राहते आणि लहानशा चढावर हँडब्रेकची गरज पडत नाही. मात्र ते दोन सेकंद संपले की गाडी मोकळी होते, म्हणून तिच्या भरवशावर चढावर वाट पाहत बसू नये.

डाव्या पायाने ब्रेक दाबण्याची पद्धत म्हणजे अडाणीपणा आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणणे खरे होणार नाही. रॅलीच्या शर्यतींतले चालक ती जाणूनबुजून वापरतात; गो-कार्टमध्ये तर दोन पायांना दोन पेडल अशीच रचना असते. तिच्या बाजूचा मुख्य मुद्दा वेळेचा आहे. उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर नेण्यात पाव सेकंद गेला असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे ४ मीटर पुढे गेलेली असते, आणि रात्री वावरातून अचानक रोही, म्हणजे नीलगाय, सडकेवर आला तर ४ मीटर ही लहान गोष्ट नव्हे.

पण हा हिशेब ज्याचा डावा पाय ब्रेक दाबायला शिकलेला आहे त्याच्यासाठी आहे. आपला डावा पाय सारी हयात ट्रॅक्टरचा क्लच दाबत आला आहे. ट्रॅक्टरवर डाव्या बाजूला एकटा क्लच आणि उजव्या बाजूला दोन चाकांचे दोन ब्रेक असतात. डाव्या पायाला माहीत आहे ते एकच काम, जड पेडल एका दमात तळापर्यंत दाबणे. तोच पाय गाडीच्या ब्रेकवर पडला की गाडी जागीच उभी राहते, आतली माणसे पुढे आदळतात आणि मागची मोटारसायकल डिकीत शिरते. मुलगा पुण्यात बहुधा दुसरे काही चालवत नसेल. आपण सकाळी ट्रॅक्टर, दुपारी मोटारसायकल आणि संध्याकाळी गाडी चालवता. खेड्यात बहुतेक घरांत हेच आहे, आणि डाव्या पायाविषयी शहरातून किंवा परदेशी चित्रफितींतून आलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही तो यामुळे. माणूस घाबरतो तेव्हा पाय विचारून हालत नाहीत. ज्या वाहनाची सवय जुनी आहे त्याचीच हालचाल करतात. गाडी कोणतीही असो, उजवा पाय ब्रेकचा आणि ॲक्सिलरेटरचा, एवढे एकच सूत्र त्यांच्या अंगवळणी असेल तर तो धोका राहत नाही.

शिवाय एक शारीरिक कारण आहे, जे फारसे सांगितले जात नाही. जोराचा ब्रेक लावताना शरीर पुढे फेकले जाते. डावा पाय फळीवर, म्हणजे क्लचच्या जागी पाय टेकण्यासाठी जी जागा दिलेली असते तिच्यावर, रोवलेला असेल तर कंबर आसनाला टेकून राहते आणि उजव्या पायाचा दाब आपल्या ताब्यात राहतो. दोन्ही पाय दोन पेडलांवर असतील तर टेकायला काहीच उरत नाही. शरीर सरकते आणि त्याच्या भाराने दोन्ही पेडल एकदम दाबले जाण्याची भीती असते. पेट्रोलच्या गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनातल्या निर्वात पोकळीवर चालतो, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना ती पोकळी कमी होते. अशा वेळी घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला तर बूस्टरमधला साठा संपतो, पेडल दगडासारखे घट्ट लागते आणि ब्रेक निकामी झाल्याचा भास होतो.

२००९-१० च्या सुमारास पायाखालच्या चटईत ॲक्सिलरेटर अडकण्याच्या आणि पेडल चिकटण्याच्या कारणावरून टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या परत मागवल्या. त्यानंतर ब्रेक दाबला की ॲक्सिलरेटरचा हुकूम रद्द करणारी सोय गाड्यांत मोठ्या प्रमाणावर आली. ती आपल्या गाडीत असेल किंवा नसेल, पण चटईचा मुद्दा आपल्या घरचाच आहे: चिखलाच्या पायांनी गाडी खराब होऊ नये म्हणून चालकाच्या पायाखाली जे पोते किंवा जादा चटई घातली जाते, ती आजच काढून टाकावी. काळ्या मातीचा थर बसलेला बूट पेडलवरून सटकतो, तेव्हा बसण्यापूर्वी तो खरवडून घ्यावा. मागे पट्टा नसलेली चप्पल घालून तर गाडी चालवूच नये.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या रेल्वे फाटकावर कधी कधी एकामागून एक दोन-तीन गाड्या जाईपर्यंत थांबावे लागते. माझी गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे. मी डी मध्ये ठेवून ब्रेक दाबून बसते. यजमान म्हणतात की त्याने गिअरबॉक्स खराब होतो. गिअर दर वेळी एन मध्ये, म्हणजे न्यूट्रलला, नेल्याने तो अधिक झिजत नाही का?
— एक शिक्षिका, चांदूर रेल्वे तालुका

उत्तर : गिअरबॉक्स खराब होईल ही भीती दोन्ही बाजूंनी अवास्तव आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये घासणाऱ्या तबकडीऐवजी तेल फिरत असते. डी मध्ये ब्रेक दाबून उभे राहिल्यास ते तेल थोडे तापते आणि थोडे इंधन वाया जाते, एवढेच. थांबल्यावर एकदा एन मध्ये नेण्यानेही काही झिजत नाही. लहान थांब्यावर, समोरचे वाहन हलण्याच्या बेतात असताना, डी आणि ब्रेक हेच सोयीचे आहे.

फाटकावर मात्र मी आपल्याला हँडब्रेकच लावायला सांगेन, आणि त्याचे कारण गिअरबॉक्स नसून आपला पाय आहे. डी मध्ये गाडी सतत पुढे सरकू पाहत असते. मे महिन्यात वातानुकूलन यंत्र चालू असते. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला की त्याचा भार पेलण्यासाठी इंजिनाचे फेरे वाढवले जातात आणि गाडीचा पुढे जाण्याचा जोरही वाढतो. बराच वेळ दाबून ठेवलेला पाय नकळत सैल पडतो, मागच्या आसनावरचे मूल काही मागते, आपण वळून पाहता, आणि गाडी पुढच्या कापसाच्या बंडीखाली जाते. म्हणून फाटक बंद दिसले की थांबावे, हँडब्रेक लावावा, गिअर एन मध्ये घ्यावा, आणि मग पाय उचलून गाडी हलत नाही ना हे पाहावे. निघताना आधी ब्रेक दाबावा, नंतर डी, नंतर हँडब्रेक.

ब्रेक सोडण्याची घाई मात्र करू नये. मागे वाहन येऊन उभे राहीपर्यंत पेडल दाबलेलेच असू द्यावे, कारण पेडल दाबल्यावर लागणारे मागचे लाल दिवे हाच येणाऱ्या ट्रकला आपण उभे असल्याचा इशारा असतो आणि हँडब्रेकने ते दिवे लागत नाहीत. मागचे वाहन थांबल्यावर पाय उचलावा. रात्री तेच दिवे मागच्या चालकाच्या डोळ्यांवर येत राहतात, तो त्रासही त्यामुळे टळतो. फाटकावर पी मध्ये, म्हणजे पार्किंगच्या स्थितीत, गाडी ठेवू नये, कारण मागून धक्का बसल्यास गिअरबॉक्समधल्या लहानशा अडकणीवर सारा भार येतो. परंतु कोणत्याही कारणाने गाडीतून उतरायचे असेल, मग ते शेंगांची पुडी घेण्यापुरते का असेना, तर पी, हँडब्रेक आणि इंजिन बंद, यांत सूट नाही.

प्रश्न : चिखलदऱ्याला उतारावर गाडी पी मध्ये लावून फिरायला गेलो. परत आल्यावर पी मधून काढताना कांडी घट्ट बसली होती आणि जोर लावल्यावर खट्टकन मोठा आवाज झाला. काही तुटले असेल का? पी असताना हँडब्रेकची खरोखर गरज असते का?
— एक वाचक, परतवाडा

उत्तर : एकदा आवाज आला म्हणून काही तुटले असेल असे नाही, पण वारंवार तसे होऊ देऊ नये. पी मध्ये गाडी कशाने थांबते हे समजले की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या दांड्यावर एक दातेरी चक्र असते आणि पी मध्ये नेल्यावर लोखंडाची एक बोटाएवढी अडकण त्याच्या दातात जाऊन बसते. आपण उतारावर थेट पी मध्ये नेऊन ब्रेक सोडला, तेव्हा गाडी किंचित घसरून तिचे सगळे वजन त्या अडकणीवर टेकले. परत आल्यावर आपण तीच ओझ्याखालची अडकण ओढून काढलीत, म्हणून आवाज झाला.

हँडब्रेक म्हणूनच हवा, आणि तो पी च्या आधी हवा. क्रम असा ठेवावा: पायाने ब्रेक दाबून थांबावे, गिअर एन मध्ये घ्यावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा, पायाचा ब्रेक हळूच सोडून गाडीचे वजन हँडब्रेकवर टेकू द्यावे, पुन्हा ब्रेक दाबावा आणि मग पी मध्ये न्यावे. अशा रीतीने वजन मागच्या चाकांच्या ब्रेकवर राहते आणि अडकण दुसरा आधार म्हणून मोकळी बसते. निघताना उलट क्रम: ब्रेक दाबून आधी पी मधून काढावे, हँडब्रेक शेवटी सोडावा. पुढची चाके डोंगराच्या बाजूला वळवून ठेवावीत, म्हणजे काही सुटलेच तर गाडी दरीकडे न जाता डोंगराला टेकेल. चिखलदऱ्याला जागा मिळेल तिथे, दरीच्या काठालगतही गाड्या लावल्या जातात; तिथे एक दगडही चाकाखाली ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन.

ज्या वाचकांची गाडी एएमटी आहे त्यांच्यासाठी हे अधिक महत्त्वाचे आहे, कारण अशा बहुतेक गाड्यांत पी नसतोच. एन मध्ये ठेवून हँडब्रेक न लावता उतरलेल्या माणसाची गाडी मोकळीच उभी असते. तिथे हँडब्रेक लावून, चढाकडे तोंड असल्यास पुढचा आणि उताराकडे तोंड असल्यास मागचा गिअर टाकून इंजिन बंद करावे. आपल्या गाडीत हे कोणत्या क्रमाने करायचे ते पुस्तिकेत दिलेले असते.

हँडब्रेक किती खटक्यांत धरायला हवा तेही पुस्तिकेत असते. कांडी त्याहून बरीच वर येऊ लागली तर तार सैल झाली आहे असे समजावे आणि ती आवळून घ्यावी. पावसाळ्यात रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊन तशीच ओल्या चाकांनी हँडब्रेक लावून कित्येक दिवस उभी ठेवली, तर मागच्या ड्रममध्ये गंज धरून ब्रेक चिकटतात. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडे अंतर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून ते वाळवावेत, आणि गाडी बरेच दिवस सपाट जागी उभी राहणार असेल तर हँडब्रेक न लावता पी किंवा गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालण्याचा विचारही करू नये, मग पाणी कितीही कमी दिसो.

प्रश्न : सेमाडोह किंवा चिखलदऱ्याहून घाट उतरताना डावा पाय ब्रेकवर हलका ठेवून उतरलो तर गाडी ताब्यात राहते असे मला वाटते. हे योग्य आहे का?
— एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : नाही, आणि ही सवय या अंकातल्या सर्व गोष्टींपेक्षा मला अधिक काळजीची वाटते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याकडे येताना त्यातली पुष्कळशी उंची घाटातच उतरावी लागते. एवढ्या उतारावर पाय सतत ब्रेकवर हलका ठेवला की ब्रेकचे अस्तर तापते, त्याची पकड कमी होते, आणि ब्रेकचे तेल जुने असेल तर त्यात शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल एकाएकी पोकळ लागते. ते तेल साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे, असे बहुतेक उत्पादक सांगतात. आपल्याकडे ते ब्रेक बिघडेपर्यंत कोणी पाहत नाही. शिवाय मागचे लाल दिवे अखंड लागलेले राहिल्यामुळे आपण खरोखर ब्रेक केव्हा लावला हे मागच्या चालकाला कळत नाही.

घाट इंजिनाच्या ताकदीवर उतरावा. एएमटी असेल तर एम मध्ये, म्हणजे हाताने गिअर निवडण्याच्या स्थितीत, घेऊन दुसरा गिअर धरावा, सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) किंवा टॉर्क कन्व्हर्टर असेल तर एल (खालचा गिअर), २ किंवा हाताने गिअर बदलण्याची जी सोय दिली असेल ती वापरावी. मग वेग वाढला की उजव्या पायाने ब्रेक ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पाय पूर्ण उचलावा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेक निवतील. जळका वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबावे आणि वाऱ्यानेच ब्रेक निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर बाटलीतले पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो. अरुंद ठिकाणी वर येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, तसा नियमच आहे.

प्रश्न : चालत्या गाडीचे ब्रेक लागेनासे झाले तर हँडब्रेक ओढावा का?
— एक विद्यार्थी, हिंगणघाट

उत्तर : ओढावा, पण हिसक्याने नव्हे. हँडब्रेक फक्त मागची चाके धरतो आणि तारेच्या हँडब्रेकवर एबीएसचे, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, नियंत्रण नसते, त्यामुळे वेगात एकदम ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी गरकन फिरते. आधी पेडल जोराने दोन-तीनदा दाबून पाहावे, गिअर खालचा घ्यावा, आणि मग कांडीचे बटण दाबून धरूनच हँडब्रेक थोडा थोडा ओढावा, म्हणजे चाके घसरू लागताच तो सैल करता येतो. विजेवरचा हँडब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत त्याचे बटण ओढून धरून ठेवले की गाडी स्वतःच सावरून थांबते आणि सोडले की थांबणे बंद होते. चालत्या गाडीत इंजिन बंद करू नये, कारण स्टिअरिंग जड होते. पी मध्येही नेऊ नये. गाडी पूर्ण थांबल्यानंतरच हे दोन्ही करावे.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या उजव्या पायाला प्लास्टर आहे. गाडी ऑटोमॅटिक आहे म्हणून ते डाव्या पायानेच ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दाबून तालुक्याला जातो म्हणतात.
— एक वाचक, आर्णी

उत्तर : त्यांना जाऊ देऊ नये. उजवा पाय वाटेत ताठ पसरलेला असताना डावा पाय ओलांडून पेडलवर न्यावा लागतो. कंबर वळलेली, टाच अधांतरी आणि पेडलचा नेमका अंदाज नाही, अशा स्थितीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे अगदी शक्य आहे. प्लास्टर काही आठवड्यांत निघेल, तोवर गाडी दुसऱ्याने चालवावी किंवा बसने जावे, आणि प्लास्टर निघाल्यावरही पूर्ण जोराने ब्रेक दाबता येतो असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच त्यांनी चालकाच्या जागी बसावे. ज्यांचा उजवा पाय कायमचा अधू आहे त्यांच्यासाठी डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर किंवा हाताने चालणारे ब्रेक बसवता येतात. तसा बदल आरटीओची परवानगी घेऊन आणि त्याची नोंदणी पुस्तकात नोंद करूनच करावा, आणि त्या गाडीवर नव्याने, रिकाम्या मैदानात, शिकल्याप्रमाणे सराव करावा. आपल्या वडिलांचे तालुक्याचे काम कोणते ते आपण मला लिहिलेले नाही, परंतु ते काम आपण त्यांना शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत नेऊन करून द्यावे असे मला वाटते.